पद्माक्काची छाट

पद्माक्का गोळ्यांची पट्टी हातात घेतली की आधी ती उजेडाकडे धरायची. मग पारदर्शक बाजूने एकेक गोळी न्याहाळायची, अंगठ्याने वरून चाचपायची, आणि दहातल्या एखाद्या गोळीवर बोट ठेवून म्हणायची, "अण्णा, ही छाट हाय. बदलून द्या."

"अक्का, कंपनीतून आलेली पट्टी आहे. त्यात छाट कशी असेल?"

"कंपनीत बी माणसंच असत्यात की."

मी पट्टी बदलून द्यायचो आणि ती गेल्यावर चष्मा लावून बघायचो. त्या गोळीचा काठ खरोखरच किंचित उडालेला असायचा. काउंटरमागे माझी वीस वर्षं गेली, पण मला असं कधी दिसलं नाही.

माझं मेडिकल सोलापूरच्या पूर्व भागात आहे. इथे घरटी एखादी तरी बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. वळलेल्या विड्या कारखान्यात न्यायच्या, तिथला चेकर त्या हातात घेणार, सैल दिसेल ती, जाड वाटेल ती बाजूला टाकणार. ती छाट. ती मजुरीत धरत नाहीत, परतही देत नाहीत. पद्माक्का परकरात होती तेव्हापासून विड्या वळत होती. पंचेचाळीस वर्षं झाली, असं ती सांगायची. नवरा यंत्रमागावर होता, तो गेला. मुलगा भिवंडीला. घरी ती, तिचं सूप आणि मुलाने घेऊन दिलेला मोबाइल.

"छाट निघाली त्याचं काय वाटत न्हाय अण्णा," ती म्हणायची. "का काढली ते एकदा बी सांगितलं न्हाय. इचारलं तर म्हणायचे, पुढं चला, मागं रांग हाय."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की नंतर नंतर ऐकू येणंच बंद झालं. पद्माक्काच्या बाबतीत माझं हे नेहमीच व्हायचं. जे कळायला हवं होतं ते कानावरून जायचं, आणि जे कळायचं त्याने डोकं आणखी गरगरायचं.

आता एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. मी लिहितो. एका लिखाणाच्या ॲपवर, 'निशिगंधा' या नावाने. टीव्हीवर एक मालिका आहे. नाव सांगत नाही, बायको वाचेल. त्यातल्या विहान आणि मिथिला यांचं मालिकावाले सहा महिन्यांत एकदाही धड जमू देत नाहीत. मग ते आम्ही जमवतो. विहान आणि मिथिला त्यांचेच, गोष्टी आमच्या. याला फॅनफिक्शन म्हणतात. असे आम्ही वीसपंचवीस जण आहोत आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'मिथिहान परिवार' आहे. पुरुषाने लिहिलेलं प्रेम तिथे कुणी वाचत नाही, म्हणून मी निशिगंधा. सगळ्या मला ताई म्हणतात. सुरुवातीला दचकायचो, आता हाक मारली की ओ देतो.

या परिवाराच्या काही रीती आहेत. लिहून ठेवलेल्या नाहीत, पण चुकलं तर सुतक पाळल्यासारखी शांतता पसरते. कुणी आपल्या भागावर रिव्ह्यू दिला की आपण तिच्या भागावर द्यायचा. पाच तारे द्यायचे. चार दिले म्हणजे वैर. "खूप छान" लिहिलं तर ओळख, "अप्रतिम" लिहिलं तर मैत्री, आणि "निःशब्द" लिहिलं तर सख्खी बहीण. ज्याला रिव्ह्यू मिळाला त्याने "मनःपूर्वक आभार" लिहायचं. मग रिव्ह्यू देणाऱ्याने त्या आभारावर लाल बदामाचं एक चित्र टाकायचं, की झाला व्यवहार पूर्ण. आभार कुणी वाचत नाही. बदाम मात्र विसरायचा नाही.

या घरात पद्माक्का शिरली. नाव 'पद्मा, सोलापूर', आणि फोटोच्या जागी सूप. मी बघताक्षणी ओळखलं.

तिने पहिला रिव्ह्यू दिला तो टेंभुर्णीच्या अश्विनीला. कॉलेजातली मुलगी, नुकती लिहायला लागलेली. पद्माक्काने लिहिलं, "भाग चार. विमानतळावरचं पळणं छाट. आईसोबतचं भांडण पक्कं हाय. बाकी चालेल." तारे तीन. दुसरा रिव्ह्यू मला. "निशिगंधाताई, मिथिला तिसऱ्यांदा बेशुद्ध पडली. छाट. पण गोळी जेवणानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी न्हाय, हे बरोबर लिवलंय."

माझ्या गोष्टीत कुणी आजारी पडलं की डोस अचूक असतो, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी ते हसून सोडून दिलं.

ग्रुपवर मात्र आग लागली. ग्रुपच्या प्रमुख होटगीच्या वैशालीताई. शाळेत शिकवतात, त्यामुळे समजावून सांगण्याची त्यांना हौस. त्यांनी पद्माक्काला ग्रुपात घेतलं आणि दोन दिवस रीतभात शिकवली. आधी गोड बोलायचं, लेखिकेने विचारलं तरच उणीव सांगायची, आणि विचारलं तरी शक्यतो नाही सांगायची.

तिसऱ्या दिवशी अक्का दुकानात हजर.

"अण्णा, एक इचारू? तुमी शिकलेले हाय. कुणी लिवलेलं वाचून खोटं बोलायचं असतंय का?"

मी पट्टी कापता कापता चेहरा सरळ ठेवला. "खोटं नाही हो अक्का. गोड."

"मंजे गोळीला वरनं साखर लावत्यात, तसं?"

"तसंच."

"मग आत गोळी असती का नुसती साखरच?"

मागे रांग होती. मी म्हणालो, "पुढच्यांना देऊ दे अक्का." हे आपण नेमकं कुणासारखं बोललो, ते मला तेव्हा समजलं नाही.

त्यातच अश्विनीने लिहिणं बंद केलं. आठ दिवस एक ओळ नाही. ग्रुपात सगळ्यांनी पद्माक्काकडे बोट दाखवलं. बोट म्हणजे हात जोडलेली चित्रं आणि "असो." या 'असो'ला आमच्याकडे शिवीचा मान आहे.

अक्काचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या आठवड्यात तिची औषधं द्यायला मी तिच्या गल्लीत गेलो. पडवीत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि समोर तंबाखूच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. ती बोलत होती आणि मोबाइल टाइप करत होता. हात विडी वळत होते, दोरा गुंडाळत होते, तोंड दुमडत होते. एकदाही तिने हातांकडे बघितलं नाही. मी दिसताच हनुवटीने 'थांबा' अशी खूण केली आणि बोलत राहिली.

"अश्विनी, तुझा भाग चार परत वाचला. मी छाट म्हटलं, कारण मला वाटलं तुला कुटली ते कळावं. आमाला कुणी सांगत न्हवतं. पण आईच्या भांडणाचं सांगायचं ऱ्हायलं. तिथं वाचता वाचता माझे हात थांबले. पंचेचाळीस वर्षांत माझे हात बाळंतपणाला थांबले, नवऱ्याला नेलं तेव्हा थांबले, आन तिथं थांबले. लिही."

मी औषधाची पिशवी धरून उभा. एकीकडे ऐकतच राहावंसं वाटत होतं, आणि दुसरीकडे असंही वाटत होतं, की एका मालिकेच्या नायिकेच्या आईपायी एवढं? एवढं मी माझ्या सख्ख्या भावाला कधी बोललो नाही.

"बरं झालं का अण्णा?" तिने विचारलं.

"काय?"

"साखर."

दुसऱ्याच दिवशी अश्विनीचा भाग पाच आला. आणि तो झकास होता.

पण खरी गंमत पुढे झाली. अक्काचं ते वाक्य ग्रुपला इतकं आवडलं, की महिन्याभरात सगळ्यांचेच हात थांबायला लागले. "वाचता वाचता माझे हात थांबले." वैशालीताईंचे हात थांबले, पुण्याच्या एका ताईंचे थांबले. त्यांच्या घरी भांडी घासायला एक बाई आणि पोळ्या लाटायला दुसरी, तेव्हा यांचे हात नक्की काय करताना थांबले असतील, देव जाणे. हळदीकुंकवातल्या ब्लाउजपीससारखं ते वाक्य घरोघर फिरू लागलं. आलेलं कपाटात ठेवायचं, पुढच्या घरी द्यायचं, घडी मात्र मोडायची नाही. मीही ते मोबाइलमध्ये जपून ठेवलं होतं. ठेवणीतले असे आठदहा रिव्ह्यू माझ्याजवळ कायम तयार असायचे. दुकान चालवायचं का सगळ्यांचं वाचत बसायचं?

"ह्यांचे हात रोजच थांबत्यात," अक्का एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणाली. "घरातली कामं कोण करतंय म्हणायचं?"

ती चिडली होती की तिला हसू येत होतं, मला सांगता आलं नाही. तिचा चेहरा विड्या वळताना असायचा तसाच, कायम एकसारखा असायचा.

मग तिने स्वतःची गोष्ट लिहायला घेतली. विहान-मिथिलेची नाही. मालिकेत त्यांच्या घरी एक गोदामावशी स्वयंपाकाला होती. एका भागात ती "कोथिंबीर घेऊन येते" म्हणून बाहेर पडली ती परत आलीच नाही. काम करणारी नटी सोडून गेली असणार. पण मालिकेत कुणी तिचं नावसुद्धा काढलं नाही. मिथिलेच्या वाढदिवसाला साठ पानं उठली, ते रांधलं कुणी, देवाला ठाऊक. आम्हा वीसपंचवीस लेखकांपैकी एकालाही गोदामावशी गेल्याचं लक्षात आलं नव्हतं. पद्माक्काच्या लक्षात आलं.

त्या दिवसांत ती औषधाच्या निमित्ताने येऊन मला भलतंच काहीतरी विचारायची. "अण्णा, तुमचं गाव कुटलं म्हणालात?" मोडनिंब. "तितं यष्टी हायवेला थांबती का गावात येती? एकट्या बाईला खोली देत्यात का? बाजार कुटल्या वारी?" मी गोळ्या कापत उत्तरं द्यायचो. म्हातारी माणसं विचारतात काहीबाही. गोष्टीत गोदामावशी मोडनिंबला उतरली, तेव्हाही मला वाटलं, योगायोग.

अकरा भाग झाले. प्रत्येकावर पाच तारे, अप्रतिम, निःशब्द. अक्का आता सगळ्यांना आवडायला लागली होती. शेवटच्या भागाखाली मात्र तिने स्वतःच लिहिलं, "यात कायतरी छाट हाय. मला टोचतंय पण सापडत न्हाय. कुणीतरी वाचून सांगा. का ते बी सांगा. पंचेचाळीस वर्षांत एकदा तरी कुणी सांगावं. निशिगंधाताई, तुमी तर सांगाच."

त्या दिवशी साथीच्या तापाने अर्धा पूर्व भाग माझ्या काउंटरवर आला होता. मला सात रिव्ह्यू द्यायचे राहिले होते. मी भागाचा शेवट तेवढा अंगठ्याने सरकवला. मावशी परत विहानच्या घरी येते, सगळे रडतात, असं काहीसं दिसलं. ठेवणीतला एक काढला, वर एक ओळ लावली आणि चिकटवला. "मावशी घरी परतली तो प्रसंग निःशब्द करणारा! वाचता वाचता माझे हात थांबले." पाच तारे. थोड्या वेळाने आभार आले, त्यावर बदाम टाकला, पुढच्या पेशंटला खोकल्याचं औषध दिलं.

दुकानाचं शटर ओढताना एकदम लक्षात आलं, आपण कुणाचं वाक्य कुणाला दिलं ते. ज्या घरून ब्लाउजपीस आला त्याच घरी घडीसकट परत. शरमेने माझे कान तापले. चूक कबूल करावी तर निशिगंधा कोण हे फुटणार. न करावी तर बिचारीने एक गोष्ट मागितली होती, एकच, आणि ती मागताना नाव माझं घेतलं होतं. मी कबूल केलं नाही. वाट बघितली, विसरेल म्हणून.

चार दिवसांनी भर बाराच्या उन्हात ती आली. हातात चिठ्ठी नाही, रिकामी पट्टी नाही, फक्त मोबाइल. तो तिने काउंटरवर माझ्यासमोर ठेवला.

"वाचा."

"काय आहे अक्का?"

"माझा शेवटचा भाग. वाचा की. उद्या भिवंडीला चाललेय पोराकडं. आता तितंच ऱ्हायचं."

मी गडबडलो. मी लिहितो याबद्दल तिला कधी अवाक्षर बोललो नव्हतो. मेडिकलवाल्याला कुणी गोष्ट वाचायला देतं का? नकार द्यायला तोंड उघडलं, पण तिने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. रिकामे. ते हात मी पहिल्यांदाच काम न करताना बघितले. मी वाचायला लागलो.

एक टेंपोवाला चार गोळ्यांसाठी उभा होता. माझ्या उजव्या हातात कात्री, डाव्यात त्याची पट्टी, नजर मोबाइलवर. गोदामावशी मोडनिंबच्या त्या खोलीत चूल पेटवते. पीठ मळते. भाकरी थापते, तव्यावर टाकते, फुगते. सवयीने ती भाकरी बाजूला ठेवते, दुसऱ्यांसाठी. मग तिला आठवतं की खोलीत दुसरं कुणी नाही. पुढे लिहिलं होतं, "तव्यावरची पहिली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली. गरम भाकरी बोटाला भाजती, हे तिला म्हाईत न्हवतं."

"ओ मालक," टेंपोवाला म्हणाला, "गोळ्या देताय का मुहूर्त काढताय?"

"थांबा वो जरा," अक्का त्याला म्हणाली. "हात थांबल्यात त्यांचे."

खरंच थांबले होते. कात्री पट्टीत अर्धी घुसलेली तशीच होती. तिने मला टोमणा मारला की नुसतं बघितलं ते सांगितलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढे वाचलं. दारात विहानची गाडी येते. मिथिला रडते. मावशी परत त्यांच्या स्वयंपाकघरात जाते, सगळे टाळ्या वाजवतात.

मी मोबाइल खाली ठेवला. "अक्का, हे छाट आहे."

"कुटनं?"

"गाडी आली तिथून. सगळं."

मग अगदी हळू, जणू रांगेतलं कुणी ऐकेल अशा भीतीने, तिने विचारलं, "का?"

आयुष्यात मी कुणाला 'का' सांगितलं नव्हतं. मी अडखळत म्हणालो, "तिने पहिली भाकरी खाल्ली ना, अक्का. आता ती परत जाऊन आधी दुसऱ्यांना कशी वाढेल? गेली तर मग ती भाकरी खोटी झाली."

टेंपोवाला "बराबर हाय" म्हणाला. त्याला काय कळलं होतं कोण जाणे.

"मला बी तितंच टोचत होतं," अक्का म्हणाली. "पण सगळ्या म्हणत होत्या, मावशीला परत आणा, परत आणा. म्हटलं आणावं. रीत असंल." तिने मोबाइल उचलला, बोटाने गाडीपासून शेवटपर्यंतचं सगळं धरलं आणि पुसून टाकलं. "गेलं. आता परत एकदा सांगा की, का ते."

मी परत सांगितलं. या वेळी अडखळलो नाही. ती ऐकताना मान हलवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच काहीतरी वाचता आलं. ते समाधान होतं.

मी तिला महिन्याभराच्या गोळ्या दिल्या. तिने प्रत्येक पट्टी उजेडाकडे धरून बघितली. "समद्या पक्क्या," म्हणाली आणि पायरी उतरली. उतरता उतरता वळून म्हणाली, "तितं लिवलेलं पुसू नका हां. असू दे. पोरींना बरं वाटतं." मग पदर डोक्यावर घेऊन, दुखरा गुडघा सांभाळत रस्ता ओलांडून गेली. पुसू नका म्हणजे काय? कुणी? कुठलं? मी तिथेच उभा. टेंपोवाल्याला गोळ्या दिल्याच नव्हत्या.

तीनेक महिन्यांनी ॲपवर एका नव्या वाचकाने मला विचारलं, "निशिगंधाताई, तुम्ही लिहिलंय मावशी घरी परतली. कुठे परतली? मी दोनदा वाचलं, ती परत येतच नाही." मी तिथे गेलो. पद्माक्काच्या शेवटच्या भागाखाली माझा तो उसना रिव्ह्यू अजून होता, नसलेल्या प्रसंगाचं कौतुक करत. आणि त्याखाली पद्माक्काचे आभार, जे मी त्या दिवशी न वाचताच उरकले होते. ते असे होते:

"निशिगंधाताई, हे वाक्य माझंच हाय, वळखलं. राग न्हाय. मी रस्त्यावरनं बघितलं, दुकानात लई गर्दी होती. चार दिवसांनी बाराला येते, तवा गर्दी कमी असती. नीट वाचून सांगा. चालंल का?"

त्यावर माझा बदाम होता.